मासोळीचं कुलूप

मी मुळातच संशयी. दूधवाल्याच्या मापात मी बोट घालून पाहायची, धोब्याकडे जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या काठाला आतून खूण करून ठेवायची, आणि शेजारीण उसनी साखर परत करायला आली की वाटी तीच आहे ना हे नजरेनंच तपासून घ्यायची. नवरा म्हणायचा, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट घरात एक माणूस तरी जागं असलेलं बरं, असं मी समजत होते. तेव्हा पुढचं सांगताना मला स्वतःची बाजू फारशी घेता येणार नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही सौंसरला राहत होतो. नवरा जवळच्या एका मँगनीजच्या खाणीवर स्टोअरकीपर होता. तीन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे संत्र्याचं एकच झाड, त्याला संत्री कमी आणि मुंगळे जास्त. सासरे पांढुर्ण्याला मोठ्या दिरांकडे असत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आणि आमच्याकडे राहत होती माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. मी तिला ताई म्हणायची.

ताईंना सावरगावला दिलं होतं. लग्नाला चार वर्षं होत नाहीत तोच त्या विधवा झाल्या. त्यानंतर सासरच्यांनी त्यांना गोठ्यातल्या शेणापासून कापूस वेचण्यापर्यंत सगळीकडे राबवलं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांची सेवा करायला ताई माहेरी आल्या, त्या परत गेल्या नाहीत. पण पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये आहे काय, तर एक जाम नदी. पुलावरून रोज कोणी ना कोणी यायचं आणि कधी परत पाठवता म्हणून विचारायचं. शेवटी माझ्या नवऱ्यानं त्यांना सौंसरला आणलं. एक पत्र्याची ट्रंक आणि एक शिलाई मशीन एवढंच त्यांचं सामान. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन लागली आणि दिवसभर घरात तिची खडखड सुरू झाली.

सासूबाईंच्या सोन्याच्या दोन पाटल्या माझ्याकडे आल्या होत्या. तीन महिने आईचं हगणंमुतणं ताईंनी काढलं, आणि पाटल्या दोन्ही मला मिळाल्या, कारण मी सून. एक तरी लेकीला द्यायला हवी होती असं दोघी-तिघी बायका माझ्यासमोरच बोलल्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाटल्या माझ्या सागवानी पेटीत ठेवल्या, आणि त्या दिवसापासून मला त्या पेटीची काळजी वाटू लागली. आता उमजतं, जे दुसऱ्याला द्यायला हवं होतं ते मी दाबून बसले होते, म्हणून मला चोर दिसू लागला होता.

त्याच हिवाळ्यात खाणीवर माल पाहायला एक जपानी गृहस्थ आले. वय साठीच्या पुढचं, अंगानं बारीक, बोलायला अगदी हळू. सोबत हिंदी बोलणारा दुभाष्या. ते रेस्ट हाउसवर उतरले आणि तिथल्या खानसाम्याच्या तिखटानं तिसऱ्याच दिवशी त्यांचं पोट बिघडलं. नवऱ्यानं घरी येऊन विचारलं, काही साधं करून देता येईल का. ताईंनी तांदळाची पेज केली, जिरं आणि मीठ, बस. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पेज त्यांनी केली आणि डबा मी पाठवला.

जायच्या आदल्या दिवशी ते गृहस्थ घरी आले. खुर्चीवर न बसता चटईवर बसले. कापडात बांधलेली एक वस्तू त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. पेज कोणी केली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. ताई आतल्या दारात उभ्या होत्या.

कापडात कुलूप होतं. लोखंडाची वीतभर मासोळी, अंगावर छिन्नीनं कोरलेले खवले, पितळेचे कल्ले आणि पितळेचा मोठा गोल डोळा. पोटाखालून एक दांडा आरपार जायचा. किल्ली म्हणजे एक लांब चपटी पट्टी, टोकाला दोन चौकोनी भोकं. ती फिरवायची नाही. शेपटीतल्या खाचेतून सरळ आत सारायची. आत दोन पत्र्या फाकून बसलेल्या असत. किल्ली त्यांना दाबायची आणि दांडा सुटून बाहेर यायचा.

त्यांनी दुभाष्याकरवी सगळं सांगितलं. हे त्यांच्या आजोबांच्या कोठाराचं कुलूप. त्यांच्याकडे जुन्या काळी कुलपांवर उगाच नक्षी करत नसत. प्रत्येक आकाराला अर्थ असे. कासव आणि सारस दीर्घायुष्यासाठी. झिंगा अशासाठी, की त्याच्या पाठीसारखी आपली पाठ वाकेपर्यंत जगता यावं. आणि मासा? माशाला पापणी नसते, तो झोपेतही डोळा मिटत नाही. म्हणून राखणीला मासा. मग ते हसून आणखी काहीतरी बोलले. दुभाष्यानं सांगितलं, साहेब म्हणतात की हा मासा समोर येईल त्याच्यावर नजर ठेवतो, त्यात मालकही आला. मीही हसले. मला त्यातला राखणीचा भाग तेवढा आवडला.

दुसऱ्याच दिवशी मी पेटीचं जुनं कुलूप काढून ही मासोळी लावली. महिन्याभरानं सासरे पांढुर्ण्याहून आले. सासरे माळकरी, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. पेटीवर मासोळी पाहून ते दारातच थबकले.

"घरात मासोळी?"

"बाबा, खायची नाही, कुलूप आहे," नवरा म्हणाला.

सासरे त्या दिवशी त्या खोलीत गेले नाहीत. पण पाहुण्यानं आजोबांची वस्तू दिलेली. ती काढून फेकायला त्यांचं मन धजेना. रात्रभर विचार करून सकाळी आंघोळीनंतर ते गंधाची वाटी घेऊन पेटीपुढे बसले आणि मासोळीच्या कपाळी गंध लावलं.

"मत्स्यावतार आहे हा," ते म्हणाले. "वेद राखले यानं, तुमची पेटी राखणं काही मोठी गोष्ट नाही. सणासुदीले पूजा करत जाजो, सूनबाई."

झालं. कुलूप होतं त्याचा देव झाला आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागलं. मी सणाला त्याची पूजा करू लागले. देवाची पूजा म्हणजे हळद-कुंकू, फूल, अक्षता, आणि ती पायांवर वाहायची. माशाला पाय कुठले? मी शेपटीलाच पाय मानलं.

दसऱ्याला खाणीच्या स्टोअरमध्येही पूजा असे, त्यामुळे नवरा सकाळीच तिकडे जायचा. सासरे पांढुर्ण्याला. घरातल्या हत्यारांची पूजा माझ्याकडे. विळी, कोयता, कात्री, ताईंची मशीन, आणि आता मासोळी. वर्षभर ती मशीन ताई चालवायच्या. पण कुंकवाचा करंडा निघाला की त्या आपणहून चार पावलं मागे सरायच्या. मशीनला कुंकू मी लावायची आणि त्या स्वयंपाकघराच्या दारातून पाहायच्या. त्यांना कोणी मागे हो म्हटलं नव्हतं. पुढे या असंही कोणी म्हटलं नव्हतं, म्हणजे मीच म्हटलं नव्हतं. त्या वर्षी मी कुंकू पाण्यात चांगलं ओलं केलं, मासोळीच्या शेपटीला अंगठ्यानं ठसठशीत लावलं आणि त्यावर लाल अक्षता दाबून बसवल्या. फार छान दिसत होतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटल्या घालाव्या म्हणून मी पेटी उघडायला गेले, तर किल्ली अर्ध्यावर अडली. काढली, पुसली, पुन्हा सारली; तिथंच अडली. हाताला काहीतरी ओशट लागलं. बोट नाकाशी नेलं. मशीनच्या तेलाचा वास.

माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात मशीनचं तेल एकाच माणसाकडे. स्क्रू पिळायचा बारीक पेचकस त्याच माणसाकडे, टोच्या त्याच माणसाकडे. आणि किल्ली मी मेथीदाण्याच्या डब्यात ठेवायची, त्या डब्यात रोज हात घालणारंही तेच माणूस.

नवऱ्यानं किल्ली घालून पाहिली. "ओल धरली असन," म्हणाला, "वर्कशॉपातल्या माणसाले बोलावतो."

मी नको म्हटलं. मला कुलूप उघडायचंच नव्हतं, मला माणूस पकडायचा होता. संध्याकाळी पणत्यांच्या वाती वळताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, मासोळीला तेल कसं लागलं हो?"

"मीच सोडलं ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भादव्यात पार गंजून राहिलं होतं. दोन थेंब टाकले. तुले सांगाचं राहून गेलं."

इतकं सरळ उत्तर. दुसऱ्या कोणाचं तेवढ्यानं समाधान झालं असतं. मी मात्र विचार करू लागले, की गंज चढलाय हे पाहायला या माझ्या खोलीत कशाला गेल्या होत्या? आणि सांगायचं राहून कसं जातं? एवढ्या सरळपणे बोलतात, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं असणार. संशयी माणसाला खरं उत्तर मिळालं तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

त्यानंतर मी घरात डोळ्यात तेल घालून वावरू लागले. किल्ली मेथीदाण्यातून काढून उशीच्या अभ्र्यात ठेवली. दुपारी झोपेचं सोंग घेऊन मशीनची खडखड ऐकत पडायची. खडखड थांबली की उठून बसायची. ताई आतल्या खोलीत चादर घ्यायला गेल्या की मला तिथंच काहीतरी काम आठवायचं. मी एकदाही तोंडानं काही बोलले नाही, आणि याचा मला अभिमान होता.

नवऱ्याच्या लक्षात आलं. "तुले काही म्हणाचं असन तं तोंडानं म्हण," तो एकदा म्हणाला.

"मी काही म्हटलंय का?" मी विचारलं. त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तो बाहेर पडला. असं झालं की तो नेहमीच बाहेर पडायचा.

मग मला युक्ती सुचली. मी मासोळीच्या दांड्यापासून पेटीच्या कडीपर्यंत एक पांढरा धागा बांधला. इतका बारीक की दिसू नये, आणि कुलपाला हात लागला की तुटावा. तीन दिवस धागा जागेवर होता. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर धागा होता, पण गाठ माझी नव्हती. माझी गाठ म्हणजे गबाळी, दोन-तीनदा मारलेली. ही एकच होती, बारीक, नीट, टोकं कापलेली.

मी पुढच्या खोलीत आले. ताई मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होत्या. मला पाहून त्यांचा मशीनवरचा पाय थांबला.

"केर काढता काढता झाडणी लागून धागा तुटला," त्या म्हणाल्या. "मी बांधून ठेवला. धागा पाहिजे होता तं मांगून घ्याचा होता, वहिनी. माह्याच रिळाचा आहे तो."

माझ्या कानशिलांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं. पण लाज वाटली म्हणून संशय गेला नाही. उलट वाटलं, पाहा, किती बारकाईनं पाहतात.

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत. सकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "मले सावरगावले पोचवून दे."

"तिथं?" तो म्हणाला. "त्यायच्यात?"

"तिथं मले कामाची म्हणून ठेवतात. चोर म्हणून नाही ठेवत."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर त्या थांबल्या असत्या. मी पोळ्या लाटत राहिले. दहाच्या बसनं तो त्यांना घेऊन गेला. मशीन त्या नेऊ शकल्या नाहीत. तिथं शिवायला वेळ मिळणार नव्हता. तिच्यावर त्यांनी जुनं लुगडं नीट झाकून ठेवलं होतं. सावरगावहून परत आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, की मी निघालो तेव्हा तिच्या हातात शेणाची पाटी होती.

मार्गशीर्षात माझ्या भावाचं लग्न निघालं. आता पेटी उघडणं भाग होतं. बसस्टँडवर एक किल्लीवाला बसायचा. छत्रीखाली किल्ल्यांचे झुबके मांडायचा, स्टोव्हही दुरुस्त करायचा. त्याला घरी आणलं. त्यानं मासोळीवरून हात फिरवला, शेपटीच्या खाचेत डोळा लावला आणि म्हणाला, "याले तोडणं पाप आहे बाई. बसू द्या मले."

तो तासभर बसला. बारीक आकड्यानं खरवडत होता आणि खाली मी पसरलेल्या पांढऱ्या फडक्यावर काहीबाही पडत होतं. आधी लालसर चिखलासारखे गोळे. मग त्यानं कुलूप उपडं करून लाकडावर दोनदा ठोकलं आणि फडक्यावर दाणे पडले. तीन. तांदळाचे, लाल.

"बाई," तो म्हणाला, "या मासोळीले भात कोणं चारला?"

त्यानं समजावून सांगितलं. दाणे शेपटीच्या खाचेतून आत जाऊन पत्र्यांच्या मध्ये अडकले होते, त्यामुळे त्या दबत नव्हत्या. कुंकवाच्या पाण्यानं फुगून तिथंच वाळले. तेल होतं म्हणून आतलं लोखंड वाचलं, नाहीतर सगळं एकजीव झालं असतं. किल्ली आत गेली, दांडा बाहेर आला. पेटी उघडली. पाटल्या मलमलच्या चिंधीत जशा ठेवल्या तशाच.

मी त्या पाटल्यांकडे पाहिलंही नाही, मी दाणे पाहत होते. अक्षता. लाल अक्षता. त्या घरात करंड्याला हात लावणारी बाई एकच होती. ज्या बाईला मी चोर ठरवलं ती कुंकवापासून चार पावलं लांब उभी राहायची, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, दर दसऱ्याला. किल्लीवाला निघून गेला तरी मी त्या फडक्यापुढे बसून होते. मला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सावरगावला गेले. तीन दाणे कागदात बांधले, एक पाटली रुमालात. ताई मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सरपणासाठी मोडत होत्या. महिन्याभरात हात फाटले होते. मी कागद उघडून दाखवला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. दसऱ्याचं, अंगठ्यानं दाबलेल्या अक्षतांचं, पत्र्यांचं. माझ्या हातून झालं असं म्हटलं. माफी मागितली. पाटली त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी दाणे बोटानं हलवून पाहिले. पाटलीचं वजन हातावर घेतलं, जरा वेळ धरली, आणि परत माझ्या रुमालात ठेवली.

"पेटीतच राहू दे," त्या म्हणाल्या. मग पऱ्हाट्यांची मोळी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "आन दाणे नसते निघाले तं, वहिनी?"

मी पाटलीच्या रुमालाला गाठ मारू लागले. दाणे नसते निघाले तर मी त्यांना आजवर चोरच समजत राहिले असते, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्या आल्या. त्याच दिवशी चारच्या बसनं आल्या, कारण त्या अंगणात राहण्यासारखं काही नव्हतं. मशीन पुन्हा खडखडू लागली. पुढच्या दसऱ्याला मी करंडा त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी मशीनला स्वतः कुंकू लावलं. सासऱ्यांना पुढे कळलं, पण त्यांनी हरकत घेतली नाही. पेटीला मी पुन्हा कुलूप लावलं नाही. मासोळी फळीवर ठेवली, तिचा डोळा खोलीकडे.

ताई आमच्याकडे आणखी अकरा वर्षं राहिल्या, शेवटच्या दुखण्यापर्यंत. माझ्याशी हसत-बोलत, माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्री जागत. पण आतल्या खोलीत त्या एकट्या कधी गेल्या नाहीत. चादर हवी असो की उशी, त्या उंबऱ्याशी थांबायच्या आणि मी घरात कुठंही असले तरी ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगायच्या, "वहिनी, मी अंदर जाऊन राहिली."

मी म्हणायची, जा ना ताई. तोवर त्या पाऊल उचलत नसत.